दोन्हीकडून आलेला तुकडा

माझी धाकटी बहीण तेजस्वी जगातल्या सगळ्यांना प्रश्न विचारते, मला सोडून. तिचं कामच तसलं. बेळगावात एका प्रयोगशाळेत ती जीनोम वाचायच्या नव्या पद्धती शोधते. रक्त घ्यायचं, त्यातला डीएनए तुकड्या-तुकड्यांनी यंत्रात वाचायचा आणि टोकं जुळतील तसे ते तुकडे कॉम्प्युटरवर जोडत जायचं. प्रत्येकाच्या अंगात ह्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. जुन्या पद्धतीत दोन्हींची सरमिसळ व्हायची, तेजस्वीची पद्धत त्या वेगवेगळ्या जोडते. हे मी काही हौसेनं शिकले न्हाय. पोरीसाठी शिकावं लागलं.

शाल्मली माझी चार वर्षांची. सकाळी बरी असायची, भिंतीला धरून पावलं टाकायची. दुपार कलली की मान टाकायची. संध्याकाळी उचलून धरलं तरी अंग सैल. आधी पळायची हो माझी पोर! दर महिन्याला काहीतरी कमीच होत गेलं. बेळगाव झालं, हुबळी झालं, सगळ्या तपासण्या नॉर्मल. त्या नॉर्मल शब्दाचा मला असा संताप यायचा की डॉक्टरांच्या टेबलावरचं सगळं उचलून फेकावं. आजाराचं नावच कळंना तर औषध कुठलं द्यायचं, असं ते म्हणायचे. त्यांचंही खरंच होतं म्हणा.

शेवटी तेजस्वी म्हणाली, "आक्का, माझ्या पद्धतीनं बगूया. नेहमीच्या तपासणीत बारके तुकडे वाचतात, मी लांबलचक वाचते. शाल्मलीचं, तुझं, दाजींचं, तिघांचं रक्त दे."

दिलं. मग नुसती वाट बघणं. फोन केला की "चाललंय" म्हणायची. पोर माझी तिकडं सुकायली आणि हिचं आपलं चाललंय! एका रविवारी ती उचगावला आमच्या घरी आली ती तोंड पाडूनच.

"एका ठिकाणी जोडणीच तुटतीय आक्का, हे मोठ्ठं भोक पडतंय. तिथं दोन प्रती वेगळ्या निघतच न्हाईत, अगदी एकसारख्या येतात. मग माझ्या प्रोग्रॅमला वाटतं एकच प्रत दोनदा वाचली गेली, आणि तो एक फेकून देतो. उरलेल्याचा मेळ बसत न्हाय. माझी पद्धतच चुकलीय गं."

"मग दुरुस्त कर की!" मी उसळलेच. "कशाला शिकलीस एवढं?"

"काय दुरुस्त करू?" तीही चिडली. "आईची आणि बापाची प्रत एवढी सारखी यायला दोघं एकाच घरातले असायला पाहिजेत!"

तेवढ्यात माझी सासू मालुबाई चहा घेऊन आली. तेजस्वीनं कप घेतला, "आत्या, साखर जरा..." म्हणाली, आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मालुबाई आमच्या वडलांची सख्खी बहीण. माझा नवरा युवराज आमचा आतेभाऊ. मी पाळण्यात असतानाच आत्यानं मला मागून घेतलेलं, आमच्याकडं त्यात नवल ते काय? भावकी म्हणजे रक्ताची, तिथं सोयरीक चालत न्हाय. आत्याचं घर पाव्हण्यांचं. आडनाव वेगळं, देवक वेगळं. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्ताचं नातं आहे का विचारलं, तर युवराज केवढ्या ठसक्यात "छे छे!" म्हणालेला, मीही मान हलवलेली. आणि तेजस्वीनं विचारलंच नव्हतं. परक्या माणसांना ती पहिला प्रश्न हाच विचारते. सख्ख्या बहिणीला कोण विचारतंय?

"अगं, मी येडी का खुळी!" तिनं कपाळावर हात मारला आणि चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. आमच्या आजोबांचा एक तुकडा आत्याकडं गेला, तोच आमच्या वडलांकडं. आत्याकडून युवराजमध्ये, वडलांकडून माझ्यात, आणि आम्हा दोघांकडून शाल्मलीत. म्हणून प्रती एकसारख्या. जोडणी तुटत होती ती प्रोग्रॅमच्या चुकीच्या समजुतीनं. "आता त्याला शिकवते," ती म्हणाली, "सारखं दिसलं म्हणून फेकायचं न्हाय. किती वेळा वाचलं गेलंय ते मोजायचं. दुप्पट वेळा आलं म्हणजे प्रती खरोखरच दोन."

जेवायलाही थांबली नाही. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला आणि फोनवर ती नुसती रडायलीच. भोक भरलं होतं. त्या जागी एक मोठा तुकडा उलटा बसलेला सापडला, दोन्ही प्रतींत. एक जरी प्रत धड असती तरी भागलं असतं. बारके तुकडे वाचणाऱ्यांना तो कसा दिसणार? दवाखान्यानं पुन्हा तपासून खात्री केली. मेंदूला लागणारं एक द्रव्य शाल्मलीच्या अंगात पुरेसं बनत नव्हतं, आणि ते औषधातून देता येत होतं.

आत्या मात्र त्या दिवसापासून पोरीला जवळ घेईना. "माज्याच हट्टापायी झालं सगळं," म्हणून कोपऱ्यात बसायची. मला ते बघवेना. "आत्या, गप गं! तू मला मागून घेतलं नसतंस तर ही शाल्मली तरी कुठून आली असती?" मी तिच्या मांडीवर पोर नेऊन टाकली. दोघी एकमेकींना बिलगून बसल्या. मला तर ही पोर पाहिजे होती, हीच, आहे तशी.

औषध थेंबाथेंबानं वाढवत नेलं. सुरुवातीला काहीच फरक दिसंना, मी पुन्हा धास्तावले. मग एका संध्याकाळी भाकऱ्या थापताना मागं धडाम्‌ आवाज झाला. वळून बघते तर पिठाचा डबा उलथलेला, आणि शाल्मली त्या पिठातनं दोन्ही पायांनी थयथय नाचायलीय. चुलीवर भाकरी करपायली, घरभर पीठ.

"एका जागी गप बसायला येत न्हाय का गं तुला?" मी जोरात ओरडले.

पोर दचकून मटकन खाली बसली. आणि आपण काय बोललो ते मला कळलं. मी पिठातच बसले, तिचे पांढरे झालेले पाय हातांत घेतले.

"न्हाय गं राणी, बसू नको," मी म्हटलं. "ऊठ. ऊठ, सांड आणखी."