पार्लिनचा वाटा

बसा, एक गोष्ट सांगतो, पण माझा राग सोसावा लागेल. आमच्या सुमात्रातल्या तोबा सरोवराकाठचा पार्लिन घरातून पळाला होता, तो बारा वर्षांनी परतला. त्याच्या म्हाताऱ्या आईनं आनंदानं डुक्कर कापलं. आमच्यात ज्याला मांसाचा वाटा मिळतो तोच घरचा. वाटे करत होता चर्चच्या मंडळीचा पुढारी तोगार. सकाळीच चर्चमध्ये उधळ्या पुत्राची, घर सोडून गेलेल्या पोराला बाप परत पोटाशी धरतो ती गोष्ट वाचताना हा बाबा रडला होता.

पार्लिनची पाळी आली तसा तोगार म्हणाला, "तुला कसला वाटा रे? बापाच्या मातीला तरी आलास का?"

माझं टाळकं सरकलं. "तोगारदादा, सकाळी रडलास ते कुणासाठी? पुस्तकातल्या पोरासाठी?"

मी माझा वाटा पार्लिनपुढे ठेवला.

येत्या रविवारी पार्लिन चर्चमध्ये येईल. तेवढं सरकून त्याला जागा द्या.