पाटीखालचा मी

मी एक तण बोलतोय. दचकू नका, विद्यापीठाच्या दीडशे वर्षं जुन्या वनस्पती उद्यानातून बोलतोय आणि तेही थेट काचघरातून.

माझा जन्म बाहेरच्या पायवाटेवरचा. बी असताना वाऱ्याने उचललं आणि काचघरातल्या एका कुंडीत आणून टाकलं. त्या कुंडीत दूरच्या डोंगरावरून आणलेलं, जगात फारसं न उरलेलं एक झाड होतं. सुट्टीत त्याला पाणी घालायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही, ते वाळून गेलं. त्याच्या नावाची पितळी पाटी मात्र ठणठणीत राहिली. तिच्याखाली मी उगवलो.

सुट्टी संपवून विभागप्रमुख सर आले. हिरवं पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. "जगलं बरं का!" म्हणाले. तेव्हापासून मला गाळलेलं पाणी आहे, पंखा आहे, पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. बाहेर माझे भाऊबंद खुरप्याखाली जातात ते काचेतून दिसतं. वाईट वाटतं. पण पंख्याखाली बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

सरांची बायको रोज त्यांचा डबा घेऊन येते. एकदा मला न्याहाळून म्हणाली, "अहो, आपल्या गच्चीच्या भेगेत उगवतं तेच ना हे?"

"आधी पाटी वाच," सर म्हणाले. "आणि वाढ आता, भूक लागलीय."

गेल्या महिन्यात माझ्या मुळांशी काहीतरी हललं. मेला म्हणून सोडून दिलेल्या जुन्या कंदातून दोन तांबूस पानं वर आली. खरा मालक परतला होता! मी अंग चोरून त्याला जागा करून दिली. तेवढ्यात तपासणी समिती येणार म्हणून सरांची धावपळ सुरू झाली. "एवढ्या दुर्मीळ झाडाशेजारी तण माजलंय!" असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला उपटलं. मी थरथर कापलो. सरांनी पंखा कमी केला.

डबा घेऊन आलेल्या बाईंनी ते रोप कंदासकट उचलून पिशवीत टाकलं. आता ते त्यांच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादलीत आहे. आज डबा उघडताना त्या म्हणाल्या, "कळी आलीय हो त्याला."

"ते तण अजून ठेवलंयस? उद्या गच्ची साफ करतोय, उपटून टाकतो."

बाई, माझं ऐका. त्या बादलीत एक पाटी लावा. पाटी असली की सर हात लावत नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? दुसरी नसेल तर माझीच घेऊन जा. मातीत नुसती खोचलेली आहे, सहज निघेल. मीही सहज निघतो.