बाबांचा एक शब्द

लकवा मारला आणि बाबांच्या तोंडात एकच शब्द उरला, "खोटं!" तोही आठ महिने डोकेफोड करून मीच, त्यांच्या लेकीने, परत आणला. आता भोगतेय! संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की ते वाक्यागणिक ओरडतात. रेडिओ बंद ठेवायचीही सोय नाही. ज्या घरातून बातम्या ऐकू येत नाहीत तिथे सरकारी माणसं चौकशीला येतात. वरच्या मजल्यावरचे मास्तर याहून कमी बोलले होते, त्यांचा अजून पत्ता नाही. म्हणून बातम्या संपेपर्यंत मी शिलाई मशीन चालवते. कापड नसलं तर नुसतीच खडखड.

काल शेजारचे कंपाउंडरकाका दारात आले. हळूच म्हणाले, "पोरी, बातम्यांपुरती मशीन थांबव ना. तो एक शब्द ऐकायला आम्ही भिंतीला कान लावून बसतो गं."

हा माणूस मनातलं बोलत होता की गळ टाकून बघत होता, कुणाला ठाऊक?

"कुठला शब्द, काका?" मी म्हणाले. "आमच्या बाबांची तर वाचाच गेलीय."

आतून बाबा ओरडले, "खोटं!"