मारकीच्या भिंतीवरची गणितं

"अगं, दूध काढतेस की भिंतीशी गप्पा मारतेस?" भाऊ गोठ्याच्या दारातून ओरडला. "दुधाची गाडी येऊन उभी राहिलीय तिकडे!"

"झालंच, बाबा. एकच राहिलंय."

"काय राहिलंय? गाय का गणित?"

"दोन्ही," मारकीच्या पोटाला डोकं टेकवून माझी भाची म्हणाली, आणि परत पुटपुटायला लागली.

मी गव्हाणीत चारा टाकत होते. मला हसू आवरेना. भाऊ माझ्यावरही खेकसला, "ताई, तूच लाडावून ठेवलीस तिला." लाडावून कसली ठेवतेय? दहावीतली पोर. तिच्या आईच्या हाताचे सांधे धरले, मूठ वळेना, तेव्हापासून चार गाईंची धार हिच्याच गळ्यात पडली. सकाळी चार, संध्याकाळी चार. मध्ये शाळा. तक्रार म्हणून तोंडातून कधी निघाली नाही. निघायची ती फक्त पुटपुट. म्हणून घरात सगळे तिला पुटपुटीच म्हणायचे.

आधी ती वही घेऊन गोठ्यात बसायची. एक दिवस मारकीने लाथ घातली आणि वही शेणाच्या डबक्यात गेली. पोर तासभर रडली, मग चुलीतला कोळसा घेऊन आली. गाईच्या पाठीवरून समोर दिसेल अशा उंचीवर तिने भिंतीवर लिहायला सुरुवात केली. काळीसमोर इतिहास, तांबडीसमोर विज्ञान, म्हातारीसमोर व्याकरण. मारकीसमोर गणित.

"मारकीला गणित का गं?" मी विचारलं होतं.

"आत्या, तिच्याजवळ बसलं की डुलकी लागत नाही."

गाय बदलली की विषय बदलायचा. चरवी रिकामी करून येईपर्यंत डोक्याला सुट्टी. सर वर्गात जे गणित सोडवून दाखवतील ते ती घरी येऊन पायरी न पायरी भिंतीवर उतरवायची. वर्षभरात भिंतीवरचं लिखाण छताला टेकलं. हातात दूध, डोळ्यांत भिंत, आणि तोंडाने पुटपुट. पुस्तकात गणितं होती, पण ती सोडवायची कशी ते फक्त भिंतीवर होतं.

आणि साठ टक्क्यांवर सगळं अडलं होतं. भावाने सरळ सांगून टाकलं होतं, "साठ पडले तर शहरात मावशीकडे राहा, पुढे शीक. मी गडी ठेवीन धारेला. नाही पडले तर पुस्तकं बांधून ठेवायची." भाऊ वाईट नाही. पण एकदा बोलला की बोलला.

परीक्षेला आठ दिवस उरले आणि शाळेत शहरातून एक बाई आल्या. ताण न घेता अभ्यास कसा करावा, हे त्या गावोगाव सांगत फिरायच्या. आठ तास झोपा म्हणाल्या. शांत खोलीत टेबलाशी बसा, थोडा वेळ वाचा, उठून फिरून या, परत बसा. मग त्यांनी पोरांना विचारलं, कोण कुठे अभ्यास करतं? हिने उभं राहून सांगितलं, "गोठ्यात." वर्ग हसला. बाई मात्र खूश झाल्या. "मला बघायचंय! उद्या येते मी, फोटोवाल्याला घेऊन."

भावाला हे कळलं आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. दुसऱ्या दिवशी पोर शाळेत गेली तसा तो चुन्याची गोणी घेऊन आला.

"ताई, चुना भिजव. शहरातली माणसं यायची, आणि गोठा बघ कसा काळाकुट्ट दिसतोय."

"अरे, तिचा अभ्यास आहे त्याच्यावर."

"पाठ झालाय तो तिला. वर्षभर तेच तर बडबडतेय. बघ तू, आल्यावर कशी खूश होईल."

मी चौथी शिकलेली बाई. त्या भिंतीवर काय आहे ते मला पुरतं माहीत होतं. तरी मी बादली घेतली आणि चुना भिजवला. का भिजवला? भाऊ इतका आनंदात होता, त्याचं मन मोडवेना. बायकांची खोड असते ही, कोणाचं मन मोडायचं नाही. पण पोरीचं मोडलं तर चालतं, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. आजही त्या हाताकडे बघितलं की माझीच मला चीड येते.

ती पाहुण्यांबरोबरच आली. दारात थांबली. भिंत पांढरीफेक, मारकीच्या जागी शाळेतून आणलेलं टेबल, त्याच्यावर फुलांचा डबा. भाऊ तोंडभरून हसत होता. "कशी वाटतेय?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"किती शांत जागा आहे!" बाई म्हणाल्या. "मी हेच तर सांगते सगळीकडे." तिला टेबलाशी बसवलं, हातात कोरी वही दिली. फोटो निघाले. "बाळ, परीक्षेचा काही ताण?"

"नाही."

"हास की जरा!"

ती हसली. गाड्या गेल्या. मग ती भिंतीजवळ गेली आणि नखाने चुना खरवडायला लागली. खालून कोळसा निघाला तो नुसती काजळी होऊन. भाऊ गोंधळून म्हणाला, "अगं, पाठ नव्हतं का तुला?" ती खरवडतच राहिली. त्याने चुन्याचा ब्रश उचलून कोपऱ्यात ठेवला.

त्या संध्याकाळी तिने तोंड उघडलं नाही. मुकाट्याने मारकीखाली बसली, आणि मारकीने पान्हा चोरला. आचळ ओढून ओढून तिचे हात थकले, थेंब येईना. वर्षभर त्या जनावराला पुटपुट ऐकायची सवय. शेवटी पोर रडत रडत आठवेल ते म्हणायला लागली, तेव्हा कुठे चरवीत धार वाजली.

गणिताचा पेपर देऊन ती आली आणि गोठ्याच्या पायरीवर बसून राहिली. "आत्या, पहिल्या दोन पायऱ्या डोळ्यांसमोर यायच्या. पुढे बघितलं की सगळं पांढरं."

निकालात एकूण अठ्ठावन्न टक्के पडले.

मी भावाशी भांडले. दोन टक्के, अरे, दोन! ते तुझ्या ब्रशात गेले आणि माझ्या बादलीत. तो म्हणाला, "मी आधीच सांगितलं होतं." पण त्याचा आवाज आधीसारखा नव्हता. पोरीच्या आईचे हात तर आणखी आखडले होते. गडी काही आला नाही.

पावसाच्या तोंडावर बाईंनी फोटो पाठवला, काचेत बसवून. खाली छापलं होतं, 'ताणाशिवाय अभ्यास'. भावाने तो गोठ्यातच लावला, मारकीच्या समोर. दुसरी जागा त्याला सुचली नसावी.

आता पुस्तकं माळ्यावर आहेत. पोर सकाळ-संध्याकाळ त्या फोटोखाली बसते आणि गणिताच्या पायऱ्या मोठ्याने म्हणते. रोज म्हणता म्हणता त्या सगळ्या तिला परत आठवल्यात, एकही चुकत नाही. म्हणाव्याच लागतात. नाहीतर मारकी दूध देत नाही.