पाळण्याच्या दिवशी बंद पडलेली पेटी

मित्रांनो, माझ्यावरची धूळ फुंकून पाहा. खाली इंद्रभानच्या हाताचं पॉलिश अजून चमकतं. मी सुरांची पेटी नव्हे. मी घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर, माईकमधला बारीक आवाज मोठा करून कर्ण्यातून ऐकवणारा. माझा जन्म खामगावचा, आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाचा.

इंद्रभान कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात, म्हणजे कारखान्यात, वायरिंगचं काम करी. माझ्या आतला पत्र्याचा सांगाडा त्याने ठोकला; सागवानी पेटी शेजारच्या तुळशीराम सुताराने केली. पहिल्यांदा माझे काचेचे व्हॉल्व्ह तांबूस उजळले आणि इंद्रभानची लेक कोकिळा माईकसमोर नुसती हसली. ते हसू थेट बाजारापर्यंत गेलं! दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या तिला विचारत होत्या, एवढं काय झालं होतं गं?

मग ठरलंच. रामनवमीला भर दुपारी कोकिळा शेजारच्या देवळात पाळणा म्हणणार. एरवी गल्लीत उभ्या राहणाऱ्या बायकांना आतलं अक्षर ऐकू येत नसे. यंदा सगळा मोहल्ला ऐकणार होता. मी तर नुसत्या कल्पनेने तापायचो.

इंद्रभानने पावसाळ्यातच देवळाला लागून असलेल्या आपल्या परसात खड्डा खणून कोळसा आणि मिठाच्या थरांत तांब्याची पट्टी पुरली होती. तिची तार आता तो माझ्या पत्र्याला जोडू लागला, तेव्हा तुळशीराम हसला.

"सागवानाची पेटी हाये बे. लाकडाले कुठं करंट लागते? मातीत तांबं काऊन पुरलं?"

"पोरीच्या हाती लाकूड नाही, माईक राहीन," इंद्रभान म्हणाला. "माईक लोखंडाचा, अन् त्याची तार आतल्या पत्र्याले जोडेल हाये. पत्र्यात करंट उतरला तर त्याले जमिनीत जायले वाट पाह्यजे. नाहीतर तो पोरीच्या अंगातून वाट काढीन."

नवमीच्या आदल्या दिवशी त्याने विजेची तार आणि खड्ड्याची तार यांच्यामध्ये दिवा लावून पाहिला. दिवा जेमतेम लाल झाला. चैत्राच्या उन्हाने काळी माती भेगाळली होती. तिने तांब्याची पकड सोडली होती. वाट बंद!

त्याच्या बायकोने, रुखमाबाईने, लांबच्या विहिरीवरून दोन घागरी नुकत्याच आणल्या होत्या. इंद्रभानने त्यांना हात घालताच ती कडाडली, "घरात प्यायले थेंब नाही, अन् खड्ड्याले पाजून राह्यले?"

"उद्या कोकिळा माईकपाशी उभी राहणार हाये," तो एवढंच म्हणाला.

रुखमाबाईने त्याच्या हातातून घागर घेतली. दोन्ही घागरी तिनेच खड्ड्यात ओतल्या. थोड्या वेळाने दिवा पुन्हा लावला, तो असा लख्ख पेटला की तुळशीरामने डोळ्यांवर हात धरला.

नवमीला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोकिळाने माईक धरला, पाळण्याची पहिली ओळ उचलली आणि कर्णा दुमदुमला. बायांनी पदर सावरले, म्हातारे उठून उभे राहिले. तेवढ्यात गर्दीत कुणाचा तरी पाय माझ्या विजेच्या वायरीत अडकला. वायरीला हिसका बसला, तिच्यावरचं रबर पत्र्याच्या काठाने सोललं, आणि वीज माझ्या अंगभर उतरली.

पण मित्रांनो, वाट ओली होती. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती जमिनीत गेली, फ्यूज उडाला आणि मी मुका झालो.

माईक कोकिळाच्या हातातच होता. तिला साधा झटकाही जाणवला नाही. ती गात राहिली, आणि पहिली ओळ ऐकलेल्या गल्लीतल्या बायांनी पुढचा पाळणा उचलून धरला.

"बंद पडली ना तुही पेटी?" तुळशीराम म्हणाला.

इंद्रभान लेकीकडे पाहत होता. "हाव," तो म्हणाला. "बरं झालं."

पुढे त्याने मला दुरुस्त केलं आणि मी पुष्कळ वाजलो. मग नवी यंत्रं आली, मी कोपऱ्यात गेलो. इंद्रभानही आता नाही. तरी चैत्र लागला की कोकिळा परसात जाते आणि खड्ड्यात एक घागर ओतते. माझी तार कधीच निघाली आहे, हे तिला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझा आवाज विसरलात तरी चालेल. घरात असं यंत्र असेल, तर त्याच्या लाकडावर भुलू नका. त्याची जमिनीकडची वाट जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, आणि उन्हाळ्यात तिला पाणी द्या.