जावयाचा रुसवा

हंबीरराव हवालदार दोन महिन्यांच्या रजेवर आले आणि घरातल्या माणसांच्या पायाला भिंगरी लागली. बहात्तर सालचा उन्हाळा. मागल्या हिवाळ्यात लढाई होऊन गेलेली, गावातले फौजी एकेक करून रजेवर येत होते. आलेला फौजी आठ दिवस तरी बाजेवर लोळतो, खातो, मिशा पिळतो, अशी आमच्या साताऱ्याकडची रीत. ह्या गड्याला बूड टेकायला सवड नव्हती. तांबडं फुटायचा अवकाश, अंगणातून हाक यायची, "उठा रं! चला!"

कुठं चला, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसायचं. एक दिवस विहिरीवर. जोत्या आणि मनू, दोन्ही पोरांच्या पाठीला पांगाऱ्याच्या तरंगत्या लाकडाचे बिंडे बांधून त्यांनी त्यांना पाण्यात लोटलं, आणि पोरं रडूनओरडून दमल्यावर पोहायला शिकली. मग कृष्णेच्या डोहात. मग भर उन्हात अजिंक्यतारा. मग आमराईत तीन दगडांची चूल मांडून वांग्याचं भरीत. पोरं खुळी व्हायची बाकी होती. "आमचं तात्या लय भारी," असं जोत्या गावभर सांगत सुटला होता.

त्यांच्या बायकोला, चंद्राबाईलाही पहिले काही दिवस गोड वाटलं. का वाटू नये? लढाईत तिनं देव पाण्यात घातले होते, शेजारच्या रेडिओला कान लावून बसली होती. माणूस हातीपायी धड परत आला, आणखी काय पाहिजे? पण धड म्हणावा तर तो ताटावर बसेना. भाकरी अंगणात, चहा गोठ्याच्या दारात, तोही उभ्यानं. घरात पाऊल टाकलंच तर एकदा वर आढ्याकडं बघायचं आणि आल्या पावली बाहेर. "आत उकडतंय," एवढंच एक उत्तर. उन्हाळ्यात सारं गावच अंगणात झोपतं, म्हणून त्यांची बाज बाहेर असते ह्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

तिचं मागणं फार नव्हतं. एक दिवस. आपण चुलीपुढं बसावं, त्यांनी समोर पाटावर बसावं, आणि कुणाला कुठंही जायचं नसावं. एकदा तिनं बोलूनही दाखवलं.

"आवं, एक दिस तरी गप बसा की माज्यासमोर. मी काय खातीया व्हय तुमास्नी?"

"बसू की," हंबीरराव म्हणाले. "उद्या बसू."

आणि उद्या निघालं कोयनानगर.

तिथं तिची मोठी नणंद राहायची. नणंदेचा नवरा धरणावर कामाला, वसाहतीत खोली मिळालेली. घाटाच्या वळणांनी मनूनं एस.टी.ची खिडकी सोडली नाही, ओकून ओकून पोर पांढरी पडली. पोचून जरा कुठं टेकतात तोच फडताळातली भांडी खडखडली आणि पायाखालची फरशी थरथरली. चंद्राबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पण नणंदेनं तवा खाली उतरवला, पदर सावरला आणि चालत बाहेर आली. शेजारीण तर चहाची बशी हातात घेऊनच अंगणात उभी राहिली. मोठा भूकंप होऊन गेल्यापासून त्यांना असल्या धक्क्यांचं काही वाटत नव्हतं. हंबीरराव आधीपासूनच बाहेर होते. सगळी माणसं घरं सोडून उघड्यावर उभी राहिलेली बघून ते रजेवर आल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसले.

"हितली मानसं शानी," ते म्हणाले. "छपरावर इस्वास ठिवत न्हाईत."

नणंद हसली. चंद्राबाईला मात्र हसू आलं नाही. ते बोलणं तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं, आणि उपटून बघायचा तिला धीर होईना.

त्या साली वैशाख अधिक आला होता. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, दिव्यांनी ओवाळायचं, वाण द्यायचं. चंद्राबाईच्या वडिलांचे, लालासाहेबांचे, दोन सांगावे येऊन गेले. हंबीरराव आज डोह, उद्या डोंगर असं करत टाळत राहिले. शेवटी चंद्राबाई कडाडली, "धोंड्याला गेला न्हाईसा तर लोक माज्या म्हायेराच्या तोंडात शेन घालतील! तीन वर्सांनी येतोय ह्यो म्हयना. निगायचं हाय का न्हाई?"

"निगू," हंबीरराव म्हणाले, आणि पोरांना न घेताच डोहाकडं चालू लागले.

तिचं माहेर विट्याच्या पुढं, माळरानावर. तिकडं कौलं नाहीत. जाड तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर हातभर माती, असली माळवदाची घरं. उन्हाळ्यात आत गारेगार. चंद्राबाईचा भाऊ नानासो मदुरेला सोनं गाळायच्या दुकानात असायचा, तोही दाजींसाठी मुद्दाम गावी आलेला. आई, बनुबाई, पहाटेपासून पुरण वाटत होती. दारात पाय धुवायला तांब्या, आत पाट, पाटाभोवती रांगोळी.

हंबीररावांनी पाय धुतले आणि उंबऱ्याशी आले. वर बघितलं. मागं फिरले आणि अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसले.

"या की आत, जावयबापू," लालासाहेब म्हणाले.

"हितंच बरं हाय, मामा."

"पाट मांडलाय आत."

"हितंच बरं हाय."

झालं! आता आमच्याकडं जावई उंबरा ओलांडत नाही म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. जावई रुसला. बनुबाईचा हात पुरणात तसाच राहिला. काय चुकलं? कुणी काय बोललं? मागल्या दिवाळीला धोतराचं पान हलकं गेलं होतं का? लालासाहेबांनी लेकीकडं बघितलं, लेकीनं मान खाली घातली. तिलाच कळत नव्हतं, ती काय सांगणार? तिला नुसता संताप आला होता. गावाला हिंडवलंत, घाटाला फिरवलंत, आणि माझ्या आईच्या दारात येऊन ही तऱ्हा?

नानासो बाहेर गेला. खिशातून लाल कागदाची पुडी काढली, आत सोन्याची अंगठी. वाण म्हणून जेवणानंतर द्यायची होती, ती त्यानं आधीच पुढं केली.

"दाजी, बगा तरी. सोताच्या हातानं गाळलेलं सोनं हाय."

"नगं, नानासो."

"मग काय पायजे, सांगा तरी!"

हंबीरराव मातीत काडीनं रेघोट्या ओढत राहिले. अंगणाच्या कुसापलीकडून हरिबा शेजारी टाचा उंचावून सगळं बघत होता. तेव्हा लालासाहेब उठले. सत्तरीचा म्हातारा, उभ्या जन्मात कुणापुढं वाकलेला नाही. अंगणात आले, डोक्याचा पटका काढला आणि जावयाच्या पुढ्यात धरला.

"आमची चूक पदरात घ्या, बापू. पर माजी शोभा करू नगासा."

हंबीरराव ताडकन उठले. "मामा! आवं, ह्ये काय करताय?" त्यांनी पटका दोन्ही हातांनी सासऱ्याच्या डोक्यावर ठेवला. "चला. चला आत."

आणि गेले. उंबरा ओलांडून, मान खाली घालून, पाटावर बसले. एका अंगाला जोत्या, एका अंगाला मनू. बनुबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं ओवाळलं, ताट वाढलं, धोंड्यांवर तुपाची धार धरली. चंद्राबाई समोर उभी होती. इतके दिवस मागितलेला पाट, त्यावर बसलेला नवरा, सगळं पुढ्यात होतं, आणि तिला ते बघवत नव्हतं. हंबीररावांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. आत तर गारवा होता.

वरून मांजर चालत गेलं असेल, नाही तर चिमणी उकरत असेल. माळवदातून मातीचे चार खडे सुटले आणि ताटात पडले. माळवदाच्या घरात हे रोजचंच. माणसं बोटानं खडा काढतात आणि पुढचा घास घेतात.

हंबीरराव ओरडले. काय ओरडले ते कुणाला समजलं नाही. लाथेनं ताट उडालं, तुपासकट धोंडे भिंतीला लागले, आणि दोन पोरांना दोन बगलांत मारून तो माणूस दारातून बाहेर धावत सुटला. लिंबाखाली जाऊन त्यांनी पोरांना खाली घातलं आणि वरून स्वतः पालथे पडले. मनू खालून किंचाळत होती, "तात्या, दुकतंय! तात्या!"

चंद्राबाई धावली. तिनं पोरं सोडवली, आत पिटाळली आणि नवऱ्याजवळ मातीतच बसली. त्यांचे दात वाजत होते. आता तिला राग नव्हता. आता तिला नुसतं भ्या वाटत होतं, आणि त्या भीतीपोटीच तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

"काय झालंय तुमास्नी? मला तरी सांगा."

ते मातीकडं बघत बोलले. "बंकर हुता. अशाच तुळया, वर माती. गोळा पडला आन समदं खाली आलं. मी कडंला हुतो. दोन पोरं आत गावली. कवळी पोरं गं, मिसरूड फुटल्याली. एकाचा हात घावला मला. वडला, लय वडला. वरनं माती यायची थांबना. हात गरम हुता, मग गार झाला." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "कुठलंबी छप्पर आलं की मला त्यो हात आटवतोय. म्हून तुमाला घिऊन हिंडतोय. कुनाला सांगू? हवालदार छपराला भितोय म्हनलं तर पोरं हसत्याल माजी."

उन्हाळाभर पोरांनी मजा केली, आणि हा माणूस उन्हाळाभर पळत होता. तिनं मान वळवली तर मागं लालासाहेब उभे. पुन्हा मनधरणी करायला म्हातारा पटका हातात घेऊनच आला होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

तेवढ्यात हरिबा कुसावरून अर्धा आत आला. "लालासाहेब, काय झालं वो? ताट उदाळलं म्हनं! आन हवालदार भ्याल्यावानी पळाला काय?"

हरिबाला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत विट्याच्या बाजारात कळलं.

लालासाहेबांनी पटका डोक्याला गुंडाळला, सावकाश, पीळ नीट बसवत. मग खेकसले, "भितोय कुटला! लढाई मारून आल्याला गडी त्यो, मातीच्या खड्याला भिल व्हय? रुसलाय. अंगठीवर भागंना त्येचं. बुलेट पायजे म्हनतोय."

"बुलेट!" हरिबाचे डोळे विस्फारले. "आन तुमी काय म्हनला?"

"काय म्हननार? न्हाई म्हनलो, तर उदाळलं ताट. आमीच चिक्कू. जा, सांग जा गावाला."

हरिबाला तेवढंच पाहिजे होतं. तो गेलासुद्धा. आता महिनाभर पारावर ह्याच घराला हसणार होते, लोभी जावई आणि चिकट सासरा म्हणून, आणि म्हाताऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पटक्याचा पीळ पुन्हा एकदा चाचपला, एवढंच.

"बनू," त्यांनी आत हाक मारली, "पाट भायेर आन. समद्यांचे. आज लिंबाखाली जेवायचं."

पाट आले. भिंतीला लागले नव्हते ते धोंडे आले. हंबीररावांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, मग खाली बघतच म्हणाले, "मामा, बुलेट नगं. लय पेट्रोल खाती."

लालासाहेबांना ठसका लागला. हसता हसता म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि चंद्राबाईही तोंडाला पदर लावून हसली, रडली, काय केलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

जेवण झाल्यावर हंबीरराव तिथंच आडवे झाले. हात डोक्याखाली, तोंड आभाळाकडं. बघता बघता घोरायला लागले. भर दुपारी, सगळ्यांच्या समोर. चंद्राबाई पदरानं माशा वारत उशाशी बसून राहिली.

पोरं मामाच्या विहिरीवरून बिंडे घेऊन पळत आली. "तात्या! उठा की! आज कुठं जायाचं?"

चंद्राबाईनं जोत्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं.

"शूऽऽ," ती म्हणाली. "आज कुटं न्हाई."