रत्नप्रभा पद्धत

माझा सत्कार झाला त्या दिवशी मला इतका संताप आला, की गळ्यातला हार मी स्टेजवरच काढून टेबलावर आपटला. लोकांना वाटलं, म्हातारीला उकडतंय. एकाने धावत येऊन पंखा माझ्याकडे वळवला.

मी रत्नप्रभा खानझोडे. भोपाळच्या टाउनशिपमधल्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. आमचे हे तिथल्याच कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात. ते गेले, क्वार्टर सुटलं, आता मी आणि माझी जाऊ निर्मला अशा दोघी नेहरू नगरात राहतो. दर शिक्षकदिनाला चार-दोन जुने विद्यार्थी यायचे, पाया पडायचे, फोटो काढायचे, पोहे खाऊन जायचे. मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

यंदा मात्र शहाऐंशीच्या बॅचने टाउनशिपच्या क्लबात मोठा कार्यक्रमच ठेवला. पुढाकार नीळकंठ पांढरीपांडेचा. हा माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. कोणतंही गणित घाला, हा माझ्याआधी उत्तर सांगायचा. आता त्याचं शाहपुऱ्याला मोठं कोचिंग आहे.

"आज मी जो आहे तो बाईंच्या बाकांमुळे," त्याने माइक हातात घेतला. "दर शनिवारी टेस्ट, दर सोमवारी मार्कांप्रमाणे जागा. पहिला नंबर पहिल्या बाकावर, शेवटचा शेवटच्या. तीच पद्धत मी माझ्या क्लासमध्ये सुरू करतोय. आणि तिला नाव देतोय, रत्नप्रभा पद्धत!"

पडदा बाजूला झाला. मागे हा एवढा बोर्ड. त्यावर माझा फोटो, दारापेक्षा उंच. टाळ्यांचा कडकडाट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या बाकांचं काय होतं ते सांगते. टाउनशिपमध्ये गुपित नावाची वस्तूच मिळत नसे. बापाचा हुद्दा क्वार्टरच्या टाइपवरून कळायचा आणि पोराची अक्कल माझ्या बाकावरून. सोमवारी सकाळी मी जागा लावल्या, की दुपारच्या शिफ्टच्या बसमध्ये ती यादी पोचलेली असायची. पोरं आईला सांगायची, आया डबा भरताना नवऱ्याला सांगायच्या. मला हे माहीत होतं. बापाला लाज वाटली तर तो पोराकडे लक्ष देईल, असा माझा हिशेब. गणिताची बाई ना मी!

त्या बॅचला कमल वाघाडे म्हणून मुलगी होती. वडील फाउंड्रीत कामगार. त्यांच्या फोरमनचा मुलगा आमच्या पहिल्या बाकावर आणि कमल शेवटच्या. दर सोमवारी फोरमन चार माणसांत विचारायचा, "काय वाघाडे, लेक अजून तिथंच का?" आणि वाघाडे घरी येऊन पोरीला बडवायचे. हे मला कमलने स्वतः सांगितलं. संध्याकाळी माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "बाई, पहिला नको, मला मधे कुठंतरी बसवा ना. एकच आठवडा." मी म्हटलं, "मार्क आण आणि बस." आणि दार लावून घेतलं. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. नववीतून काढली, सोळाव्या वर्षी बैतूलला लग्न लावून दिलं. गणितात इतकी काही वाईट नव्हती हो ती. तिला फक्त वेळ लागायचा.

पुढच्या वर्षी मी बाकांची पद्धत बंद केली, पण का बंद केली ते कुणाला सांगितलं नाही. तिथे माझी चूक झाली.

म्हणून त्या दिवशी मी नीळकंठच्या हातातून माइक घेतला आणि हे सगळं सांगितलं. कमलच्या नावानिशी सांगितलं. ती पद्धत वाईट होती, मी एका मुलीची शाळा बुडवली, माझं नाव त्या बोर्डावरून काढा. आणि मग काय झालं असेल? सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले!

"बघा, बाईंचा मोठेपणा बघा!" नीळकंठ डोळे पुसत म्हणाला. "एवढं करूनही किती नम्र!"

डोंबलाचा मोठेपणा! कबुली दिली तर तिचीही शाल करून माझ्याच खांद्यावर घातली मेल्यांनी. कमल कोण, कुठे असते, एकानेही विचारलं नाही. तो फोरमनचा मुलगा तिसऱ्या रांगेत होता. तोही टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून नीळकंठच्या कोचिंगवर गेले. त्याने केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला.

"नाव काढ," मी म्हटलं.

"बाई, पोस्टर लागलेत सगळ्या शहरात. चार इमलीच्या सरकारी बंगल्यांतले साहेब लोकसुद्धा मुलांना इथे घालतायत. पॅरेंट्सना आवडतंय हो."

"पॅरेंट्सना आवडतं म्हणून तू पोरांना सोलून काढणार?"

"आम्ही नाही का घडलो?"

"तू घडलास! तू पहिल्या बाकावर होतास, गाढवा. तुला समोर फळा दिसायचा. मागे कोण बसलंय ते बघायला कधी मान वळवलीस?"

तो हसला. लाडाने हसला, आजी रागावल्यावर नातू हसतो तसा. "बाई, तुमचा तो जुना आवाज ऐकून बरं वाटलं," म्हणाला. या कृतज्ञतेपुढे माणसाने डोकं कुठे आपटायचं? मी चहा तसाच ठेवून उठले.

तिसऱ्या दिवसापासून मी घडीची खुर्ची घेऊन त्याच्या गेटवर बसायला लागले. निर्मला म्हणाली, "या वयात हे काय नवीन वेड? लोक हसतील." म्हटलं, हसू देत. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला थांबवायचं आणि सांगायचं, इथे मूल घालू नका, ही पद्धत माझी आहे आणि ती वाईट आहे.

कशात काय! बोर्डावर माझा फोटो, खाली खुर्चीत मी. लोक वाकून नमस्कारच करायला लागले. एका आईने तर लेकीला पुढे ढकललं. "मॅडम, आप ही हैं ना? हमारी बिटिया को आगे बिठवा दीजिए ना, सत्रह नंबर पर बैठती है." मी म्हटलं, इसे घर ले जाओ. ती म्हणाली, "जी, बस एक बेंच आगे." पोरगी तिथेच जमिनीकडे बघत उभी होती. मला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या.

पण मी उठले नाही. रोज तेच, घसा बसेपर्यंत. हळूहळू काहींनी ऐकलं. चार जणांनी नावं काढून घेतली, मग आणखी सहा जणांनी. तेव्हा मात्र नीळकंठचा लाड आटला. अकराव्या दिवशी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि बोर्ड उतरवला. माझा फोटो उलटा करून टेम्पोत टाकला.

"झालं मनासारखं?" तो बाहेर येऊन म्हणाला. 'बाई' म्हणाला नाही.

"बाकं?"

"बाकं तशीच राहतील. पद्धतीचं नाव बदललंय. आता त्यात तुमचं नाव नाही, तेव्हा तुमचा काही संबंध नाही. घरी जा."

खरंच की. माझं नाव स्वच्छ झालं होतं. अकरा दिवस मी उन्हात बसले ते नावासाठीच का, असा प्रश्न मला तेव्हा पडला, आणि उत्तराची मला लाज वाटली. मी खुर्ची मिटली, काखेत मारली आणि सरळ त्याच्या वर्गात शिरले. तो मागून "अहो, अहो" करत आला. साठ पोरं वळून बघायला लागली. मी शेवटच्या बाकापाशी गेले, खुर्ची उघडली आणि बसले.

"शिकव," मी म्हटलं. "मी रोज इथेच बसणार आहे. मला उचलायचं असेल तर पोलीस बोलाव."

त्याने खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. मग फळ्याकडे वळला आणि शिकवायला लागला. काय करणार?

शेवटच्या बाकावर एक बारकी मुलगी होती, चष्म्याची. वही कोपराने झाकून बसलेली. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि हळूच माझ्याकडे सरकली.

"आंटी," ती कुजबुजली, "आपके कितने आए थे?"

"ज़ीरो," मी म्हटलं, आणि तिची वही माझ्याकडे ओढली.